आपली गाडी घेऊन युरोपात जाताना

इंग्लंडात वर्षभर राहून जरा बस्तान बसलं की आपल्या मंडळींचा पहिला मोठा बेत बहुतेक हाच असतो. शाळेला सुट्टी लागली की गाडी काढायची, डोव्हर गाठायचं, पलीकडे कॅलेला उतरायचं आणि पुढे पॅरिस, नाहीतर बेल्जियम. मग मला फोन येतो, "ताई, ते युरोपचं किट कुठलं घेऊ? ऑनलाइन पंधरा प्रकारचे दिसतायत." मी विचारते, "लॉगबुक आलंय का हातात?" की पलीकडे शांतता. किट म्हणजे गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायचा त्रिकोण, चमकती जाकिटं असलं सामान, आणि लॉगबुक म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद.

असं विचारायला मी काही जन्मजात शहाणी नव्हते. रेडिंगला आल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही जुनी गाडी घेतली आणि तीन आठवड्यांनी फेरीबोटीचं बुकिंग करून मोकळे झालो. किट आणलं, पिवळी जाकिटं आणली, पोरांनी ती घालून घरभर नाचून घेतलं. निघायच्या आदल्या रात्री कागद गोळा करताना लक्षात आलं, की आपल्याकडे आहे ती विकणाऱ्याने फाडून दिलेली हिरवी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर इथला रोड टॅक्स भरता येतो, पण परदेशात गाडीचा कागद म्हणून ती चालत नाही. तिकडे व्ही५सी, म्हणजे मूळ लॉगबुकच लागतं. फोटोकॉपी नाही आणि फोनमधला फोटोही नाही. आमचं लॉगबुक टपालाने आलं तेव्हा फेरी जाऊन आठवडा झाला होता. पैसे बुडाले, जाकिटं माळ्यावर गेली.

म्हणून नव्या मंडळींना माझं एकच सांगणं असतं: जे काम जास्त दिवस खातं ते आधी करा. किट तासाभरात मिळतं. कागदांना आठवडे लागतात.

पहिला कागद गाडीचा नाही, तुमचा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतोच, ब्रिटनचा व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी. मुलांचे ब्रिटिश पासपोर्ट आणि आईबाबांचे भारतीय अशी घरं आपल्यात पुष्कळ. तिथे मुलं मोकळी आणि अडकतात मोठी. जास्त रात्री ज्या देशात काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तेव्हा फेरीच्या आधी ती बघा. आणि फ्रान्सचे पोलीस कॅलेला नसतात हो, ते डोव्हरला आणि समुद्राखालच्या बोगद्याच्या फोकस्टन टर्मिनललाच बसलेले असतात. शेंगेनची तपासणी इंग्लंडच्याच जमिनीवर होते, आणि काही कमी निघालं तर गाडी तिथूनच वळवून घरी आणावी लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रवेश-नोंदणी सुरू झाली आहे, तिच्यात फोटो आणि बोटांचे ठसे यांचा मामला असतो. हाताशी वेळ ठेवून निघा.

दुसरा कागद म्हणजे लायसन्स. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते आणि त्याच्या बदल्यात इथलं लायसन्स मिळत नाही. लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. माझं स्पष्ट मत आहे, की इथलं फोटोकार्ड हातात येईपर्यंत आपली गाडी पलीकडे नेऊच नका. ते असलं की युरोपियन युनियनमध्ये वेगळं आंतरराष्ट्रीय परमिट सहसा लागत नाही. पण यात एक मेख आहे. फ्रान्समध्ये ज्याचं लायसन्स तीन वर्षांपेक्षा नवं, तो शिकाऊच्या जवळचा. त्याला मोटरवेवर ताशी १३० किलोमीटरऐवजी ११० आणि दारूची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमऐवजी ०.२. तुम्ही पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकली असेल, सिंहगड रस्त्यावर गर्दीच्या वेळी चालवून दाखवली असेल, पण कार्डावर तारीख मागच्या वर्षीची आहे. ०.२ म्हणजे एक ग्लास वाईनसुद्धा नाही, असंच धरून चाला.

भाड्याची घरं बदलताना लायसन्स आणि लॉगबुक, दोन्हींवरचा पत्ता बदलायचा राहून जातो. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट होतात, आजच करून टाका. गाडी लीजवर असेल तर लॉगबुक कंपनीकडे असतं. त्यांच्याकडून व्हीई१०३ नावाचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. तेही काही हातोहात मिळत नाही.

इन्शुरन्सबद्दल एक चांगली बातमी: ऑगस्ट २०२१ पासून ब्रिटनच्या गाड्यांना युरोपियन युनियनमध्ये ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशात दाखवायचा इन्शुरन्सचा दाखला, लागत नाही. जुनी मंडळी अजून त्याच्या धास्तीत असतात, त्यांना सांगा. पण "लागत नाही" याचा अर्थ "सगळं कव्हर आहे" असा घेऊ नका. इथे तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तरी पलीकडे गेल्यावर काही पॉलिसींत ती नुसती थर्ड पार्टी होऊन बसते, आणि काहींत वर्षाला ठरावीक दिवसच पूर्ण कव्हर असतं. फोन करून दोनच प्रश्न विचारा: पूर्ण कव्हर आहे का, आणि किती दिवस? ब्रेकडाऊन कव्हर युरोपचं वेगळं घ्या. फ्रान्सच्या मोटरवेवर गाडी बंद पडली तर तुमची कंपनी टो ट्रक पाठवू शकत नाही. कडेच्या नारिंगी एसओएस फोनवरून किंवा ११२ ला फोन करून सरकारमान्य गाडीच बोलवायची, तिचे दर ठरलेले असतात, पैसे आधी आपण भरायचे आणि पावती जपून ठेवायची.

आता गाडीकडे वळू. आधी नंबरप्लेट. २८ सप्टेंबर २०२१ पासून देशाची खूण जीबी नाही, यूके आहे. आपल्यापैकी बरेच जण जुनी गाडी घेतात आणि तिच्यावर निळ्या पट्टीत तारे आणि जीबी असतं. ते आता चालत नाही. मागे यूकेचा स्टिकर लावा आणि जीबीचा जुना स्टिकर असेल तर काढा किंवा झाका. प्लेटवरच युनियन जॅक आणि यूके छापलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी स्टिकर लागत नाही, पण स्पेनमध्ये तरीही लागतो. चुंबकाचा घेण्याआधी डिकीचं झाकण प्लास्टिकचं नाही ना, एवढं बघा. आमच्या एका मित्राने दुकानातून मोठ्या ऐटीत आणला आणि तो प्रत्येक वेळी खाली घसरत होता.

हेडलाइटवर मी थोडी जास्त बोलते, कारण लोक इथेच आळस करतात. इथल्या गाडीचा डिप्ड, म्हणजे खाली झुकवलेला, उजेड डावीकडे थोडा वर उचललेला असतो, कडेची पाटी आणि पायी चालणारा माणूस दिसावा म्हणून. पलीकडे आपण उजवीकडून चालतो, म्हणजे तोच वर गेलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. यावर उपाय दोन. नवीन एलईडीवाल्या बऱ्याच गाड्यांत मेन्यूमध्ये उजव्या बाजूने चालवण्याची सेटिंग असते. मॅन्युअलमध्ये शोधा, कदाचित स्टिकरची गरजच पडणार नाही. नसेल तर काचेवर लावायचे काळे डिफ्लेक्टर मिळतात. ते घरीच, दिवसाउजेडी, काच धुऊन कोरडी करून, पाकिटावरच्या चित्रात तुमच्या मॉडेलची जागा बघून लावा. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावा. आधी भिंतीवर डावीकडे उजेडाची जी चढण दिसत होती, ती गेली पाहिजे. आम्ही पहिल्यांदा हे डोव्हरच्या रांगेत, पावसात, मोबाइलच्या टॉर्चवर केलं. एक स्टिकर तिरका बसला आणि दुसरा कॅलेला पोहोचेस्तोवर नाहीसा झाला.

राहिलं ते किट. फ्रान्ससाठी एक त्रिकोण आणि माणशी एक चमकतं जाकीट, बस. जाकिटं डिकीत ठेवायची नाहीत, बसल्या जागेवरून हाताला लागली पाहिजेत. गाडी वाटेत बंद पडली तर उतरण्याआधी ती अंगात हवीत. दारू तपासायची नळकांडी किटमध्ये अजून येतात, पण तो नियम फ्रान्सने २०२० मध्ये काढून टाकला. ऑस्ट्रियाला जाणार असाल तर प्रथमोपचाराची पेटीही घ्या. दहा वर्षांखालचं मूल फ्रान्समध्ये पुढच्या सीटवर बसत नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी.

शहरांत प्रदूषणाचे नियम आहेत आणि ते प्रत्येक देशात निराळे. फ्रान्सचा क्रिट-एअर स्टिकर सरकारी साइटवर पाच युरोच्या आसपास मिळतो आणि टपालाने येतो. दलालांच्या साइट तोच कितीतरी महाग विकतात. या नियमांवरून तिथे राजकारण पेटलेलं आहे, म्हणून जायच्या आधी त्या शहराचा त्या आठवड्याचा नियम बघा. ब्रुसेल्स, अँटवर्प आणि गेन्टमध्ये स्टिकर नाही, पण आपल्या गाडीची ऑनलाइन नोंद आधी करावी लागते. ती फुकट आहे, आणि विसरलात तर कॅमेरा विसरत नाही. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला ४० फ्रँकचा पास लागतो आणि तो वर्षाचाच मिळतो, तुम्ही दोन तास जाणार असलात तरी.

फ्रान्सचा टोल मात्र गंमतीचा. आत शिरताना चिठ्ठी, बाहेर पडताना पैसे, आणि खिडकी डाव्या हाताला. म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाने अर्धं बाहेर लटकून कार्ड टेकवायचं. आमच्याकडे हे खातं नवऱ्याकडे आहे. चिठ्ठी कुठे ठेवली हा आमचा कायमचा वादाचा विषय. पॅरिस ते नॉर्मंडीच्या ए१३ आणि ए१४ वर आता नाकेच नाहीत. वर कॅमेरे असतात आणि पैसे ७२ तासांच्या आत आपणहून ऑनलाइन भरायचे.

पेट्रोल भरताना "गाझोल" वाचून फसू नका. ते गॅसोलीनसारखं ऐकू येतं, पण ते डिझेल आहे. नळीच्या रंगावर भरवसा नको. चिन्ह बघा: पेट्रोलचं गोल, डिझेलचं चौकोनी.

उजवीकडून चालवणं ऐकून घाबरायला होतं, कारण आपण महाराष्ट्रातही डावीकडून चालवलं आणि इथेही डावीकडूनच. गर्दीत ते सोपं जातं, पुढच्याच्या मागे गेलं की झालं. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. सकाळी सहाला पंपावरून बाहेर पडताना मी सवयीने डावी लेन धरली होती. रस्ता मोकळा, धुकं, शेतं, अगदी छान वाटत होतं. शे-दोनशे मीटर गेल्यावर मागून मुलगी म्हणाली, "आई, ते समोरचे काका लाईट का मारतायत?" तेव्हापासून पंप, हॉटेल किंवा दुकान सोडताना शेजारचा माणूस मोठ्याने "उजवीकडे" म्हणतो, मग कितीही वेळा सांगून झालेलं असो.

वेग किलोमीटरमध्ये. डॅशबोर्ड डिजिटल असेल तर बदलून घ्या. नसेल तर ३० म्हणजे १९ मैल, ५० म्हणजे ३१, ८० म्हणजे ५०, ११० म्हणजे ६८, असं कागदावर लिहून चिकटवा. फ्रान्समध्ये गावाच्या नावाची लाल कडेची पाटी दिसली की, वेगळं लिहिलेलं नसेल तर, तिथून ५० सुरू, आणि नावावर आडवी रेघ मारलेली पाटी आली की संपलं. लहान गावांत उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, ती गल्ली कितीही बारकी असो. रस्त्यावर टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर आधी जायचा हक्क तुमचा. पावसात मोटरवेची मर्यादा सगळ्यांनाच ११०.

आता डब्याचं. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, दही, पनीर, श्रीखंड आणि चिकनचा डबा घरी. ताज्या फळभाज्यांनाही प्रमाणपत्र लागतं. सुटतात ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी मुंबईहून कितीही कौतुकाने आली असली तरी ती रेडिंगलाच संपवून निघा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल घ्या. आणि थालीपिठाची भाजणी घेतलीत तर ती तेलावर लावायची तयारी ठेवा.

परत डोव्हरला उतरलात की हेडलाइटचे स्टिकर त्याच दिवशी काढा. ते तसेच राहिले तर इथल्या रस्त्यावर डावी कड अंधारी दिसते, आणि महिनाभर उन्हापावसात चिकटलेला डिंक नखाने निघत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने जरा गरम करा, मग सुटतो.