वजनकाट्याचे आकडे पुसट झाले? फेकण्याआधी उघडून पाहा

गोव्यात पावसाळा लागला की मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याचे आकडेही रुसतात. चवथीच्या नेवऱ्यांसाठी रवा मोजायला घ्यावा, तर 8 च्या जागी 3 दिसतो. असा काटा भंगारात जातो याचे मला फार वाईट वाटते, कारण दोष बहुधा किरकोळ असतो.

आधी नवे सेल घाला. सगळे आकडे सारखेच फिके असतील तर बहुधा एवढ्यावरच काम भागते. सेलच्या खाचेत पांढरी पूड साचली असेल, तर कापसाच्या बोळ्याला थोडे पांढरे व्हिनेगर लावून ती पुसा आणि खाच पूर्ण कोरडी करा.

मात्र आकड्यांच्या काही रेघाच गायब असतील, तर आकडे दिसतात त्या काचेच्या कडेवर बोटाने हलके दाबा. रेघा परत उमटल्या तर दोष जोडणीत आहे.

आता सेल काढून काटा उलटा करा. स्क्रू पुष्कळदा रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण सावकाश उचला, आतल्या बारीक तारांना हिसका बसू देऊ नका. वायरींचा फोटो काढून ठेवा. काच आणि सर्किटच्या मध्ये काडीसारखी रबरी पट्टी दिसेल. तिच्यात वीज वाहून नेणारे आणि न नेणारे अतिशय बारीक थर आलटूनपालटून असतात. दमटपणा आणि धूळ यांचा थर तिच्यावर बसला की रेघांपर्यंत वीज पोचत नाही. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून पट्टीच्या दोन्ही कडा, सर्किटवरचे पट्टे आणि काचेची कड पुसा. खरवडू नका, काचेवरचा वाहक थर डोळ्यांना दिसतही नाही. पुसलेल्या जागी बोट लावू नका. पंख्याखाली नीट वाळू द्या, पट्टी सरळ बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू घट्ट झाली तर दुसरीकडच्या रेघा जातात.

रबराऐवजी चिकटवलेली चपटी फीत असेल तर ती ओढू नका, घरी परत चिकटत नाही.

हीच युक्ती सेलवरच्या घड्याळाला आणि कॅल्क्युलेटरलाही चालते. मायक्रोवेव्हला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो; तो कारागिराकडेच न्या.