आईचा डेक्सा रिपोर्ट हातात आलाय? वय आणि वजन शेजारी लिहून मगच वाचा

डेक्सा म्हणजे हाडांची घनता (बोन डेन्सिटी) मोजणारा स्कॅन, त्याचा रिपोर्ट आला की आपण आधी काय बघतो, तर टिंब लाल पट्ट्यात पडलंय का, आणि पडलं असेल तर घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. आमच्याकडे तेच झालं. आई ६२ वर्षांची, ४४ किलो, उंची जेमतेम १४८ सेंमी, टी-स्कोअर मायनस २.६. मावशी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, ७९ किलो, तिचा मायनस १.३, पण घरात पडून मनगट मोडलं ते मावशीचं! मग ह्या आकड्याचा उपयोग काय गं, असं आईने विचारलं आणि मला सांगता येईना.

तर पहिलं काम, रिपोर्टचा वरचा भाग वाचा. जन्मतारीख, उंची, वजन. आमच्या रिपोर्टवर आईचं जन्मसाल दहा वर्षांनी चुकलेलं, कारण काउंटरवर घाईत तोंडी विचारून टाइप केलेलं. टी-स्कोअरला त्याने फरक पडत नाही पण झेड-स्कोअर उगाचच जास्त वाईट दिसत होता. दुरुस्त करून मागा, लाजू नका.

आता हे दोन स्कोअर म्हणजे काय. टी म्हणजे तुमची तुलना विशीतल्या तरुणींशी, झेड म्हणजे तुमच्याच वयाच्या बायकांशी. पाळी गेलेल्या बाईसाठी टी बघायचा: मायनस १ पर्यंत नॉर्मल, मायनस १ ते मायनस २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया (हाडं थोडी विरळ), मायनस २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ), ही व्याख्या डब्ल्यूएचओची, १९९४ ची. पाळी चालू असलेल्या मुलीने टी बघून घाबरायचं नाही, तिच्यासाठी झेड, आणि तो मायनस २ किंवा त्याखाली असेल तर कारण शोधायचं.

मग वयाचा हिशोब मांडा. हाडांची बँक साधारण तिशीपर्यंत भरते, पुढे काही वर्षं शिल्लक जवळपास तेवढीच राहते आणि पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊन धडाधड पैसे निघायला लागतात, पहिल्या पाच-सात वर्षांत २० टक्क्यांपर्यंतही. म्हणून नुसतं वय सांगू नका, पाळी कितव्या वर्षी गेली ते डॉक्टरांना सांगा. आणि गर्भाची पिशवी काढायचं ऑपरेशन झालं असेल तर अंडाशयंही काढली का ते जुन्या कागदात बघा, कारण काढली असतील तर त्या दिवसापासूनच मीटर चालू झालं. बीडच्या ऊसतोड बायकांची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली, त्यातल्या कित्येकींची पिशवी ऐन तिशीत काढलेली, त्यांच्या हाडांचा हिशोब पन्नाशीत पाळी गेलेल्या बाईसारखा धरून कसं चालेल.

आता शरीराचा आकार, इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मशीन हाडाचा वरून फोटो काढतं, जाडी त्याला दिसत नाही, म्हणून आकडा ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर असा येतो. पनीरचे दोन चौकोनी तुकडे घ्या, एक २ सेंमीचा, एक ३ चा, समजा १ घन सेंमी पनीर १ ग्रॅमचं आहे. लहान तुकडा ८ ग्रॅम भागिले ४, म्हणजे २. मोठा २७ भागिले ९, म्हणजे ३. पनीर तेच, आकडा दीडपट! म्हणजे लहान चणीच्या बाईची डेन्सिटी आहे त्यापेक्षा थोडी कमी दिसते, त्यात तुलना बहुतेक मशीनवर अमेरिकन गोऱ्या तरुणींशी. पण म्हणून आईला काही नाही असं समजू नका हं, लहान हाड खरंच लवकर मोडतं, आणि कमी वजन हा स्वतःच एक धोका आहे.

जाड बाईचं उलटं. वजनाचा भार रोज हाडांवर पडतो आणि चरबीतही थोडं इस्ट्रोजेन बनतं, त्यामुळे आकडा चांगला येतो. पण मावशीला पंधरा वर्षांची शुगर, आणि टाइप २ डायबिटीसमध्ये डेन्सिटी छान दिसूनही हाड ठिसूळ असू शकतं. शुगर असेल तर चांगल्या टी-स्कोअरवर झोपू नका.

पुढे, खुबा आणि कंबर दोन्ही आकडे बघा, जो कमी तो धरतात. आईचा तो मायनस २.६ खुब्याचा, कंबरेचा मायनस १.८, मी म्हटलं चला एक तरी बरा! पण उतारवयात मणक्यांना हाड वाढलेलं असलं की कंबरेचा आकडा खोटाच चांगला येतो.

कॅम्पमध्ये टाचेवर मशीन लावून सांगतात ते वेगळं, त्याला हे मायनस २.५ चं माप लागू नाही. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा, आणि आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नका.

शेवटचं म्हणजे भिंतीला टेकवून उंची मोजा आणि तरुणपणीच्या उंचीशी ताडून बघा. आईच्या नोकरीच्या मेडिकलमध्ये १५३ लिहिलेली, म्हणजे ५ सेंमी गेले. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी लगेच बाजूने एक्स-रे काढायला लावला आणि कमरेचा पहिला मणका दबलेला निघाला. दबलेला मणका फोटोत घट्ट दिसतो, तो मायनस १.८ बरा वाटला त्यात ह्याचाही हात होता. कधी दबला आईला पत्ताच नाही, गेल्या दिवाळीत फराळाचे डबे माळ्यावर चढवताना कळ आली होती म्हणाली, बाम चोळून झोपली होती.