ज्येष्ठांची तक्रार कशी घ्यावी: पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांसाठी दोन तासांचा वर्ग

वर्गात पंधरा-वीसच जण घ्या. ठाणे अंमलदार आणि बीट अंमलदार (ठरावीक भाग सांभाळणारे) हवेतच; आजी-आजोबा आधी त्यांच्याच टेबलापाशी येतात. कायद्याचं व्याख्यान नंतर.

सुरुवात सरावानं. एकाला तक्रारदार करा: कानांत कापूस, चष्म्याला व्हॅसलीन, शेजारी वायरलेस चालू. दुसरा नेहमीच्या वेगानं जबाब घेईल. थोड्याच वेळात तक्रारदार न ऐकताच मान डोलवू लागतो. ठाण्यात हीच मान ‘होय’ म्हणून लिहिली जाते आणि उलटतपासणीत जबाब तिथंच फुटतो.

पुढचा प्रसंग तोतया पोलिसाचा. ‘पुढं खून झालाय, दागिने काढून पुडीत ठेवा’. घरी पुडीत निघतात खडे. ‘तुम्ही दिलेच कशाला?’ हा प्रश्न वर्गातच बंद करा. तो कानावर पडला की लाजेनं माणूस निम्मी हकिगत गिळतो. त्याऐवजी: गाडी कोणत्या बाजूनं आली? किती जण होते? पुडी कोणी बांधली? एका वेळी एकच प्रश्न, समोर बसून, उत्तर येईपर्यंत थांबून. पुडीचा कागद हाताळू नका, ठशांसाठी पाकिटात घाला.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये (फोनवर पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणं) क्रम उलटा: आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग जबाब. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक तेवढे हाताशी घ्या. सविस्तर लिहीत बसलात तर पैसे तोवर पुढच्या खात्यांत जातात.

सगळ्यात अवघड घरातला छळ, म्हणून निम्मा वेळ यालाच द्या. सोबत आलेल्या मुलाला, सुनेला बाहेर बसवा; आरोपी तेच असू शकतात. ‘घरगुती वाद’ म्हणून अदखलपात्र नोंद (जिचा तपास कोर्टाच्या आदेशाशिवाय होत नाही) करून बोळवण करणं, ही नेहमीची चूक. सांभाळायची जबाबदारी असलेल्यानं ज्येष्ठाला कायमचं टाकून दिलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ खाली दखलपात्र गुन्हा होतो: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाचा पत्ता लिहूनच द्या.

साठीपुढच्या पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या बाईला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). घरी जा. आठवड्यानं पुन्हा चक्कर मारा आणि तेव्हाही ज्येष्ठाशी एकांतात बोला.