या चुका टाळा: गोव्याच्या पावसातली सक्युलंट आणि घरातली नाजूक झाडं

सक्युलंटबद्दल, म्हणजे जाड पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांबद्दल, वाचायला गेलं की एक सल्ला हमखास सापडतो: उन्हाळ्यात पाणी वाढवा, थंडीत पाणी तोडा. जिथे थंडीत झाड गारठतं तिथे तो बरोबरच आहे. पण गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आपल्याकडे सक्युलंट मरतात ते जुलैत, आणि डिसेंबर-जानेवारी हे त्यांचे सुखाचे दिवस. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा चुका तो सल्ला इथे जसाच्या तसा लावण्याच्या एकाच गफलतीतून निघतात.

पुरुमेंत भरताना कुंड्या विसरणं

मे महिन्यात सोलं, मिरच्या, सुकी मासळी यांची बेगमी होते. कुंड्या मात्र पहिली सर कोसळल्यावर आठवतात. माती बदलायची असेल, गर्दी झालेली रोपं वेगळी करायची असतील, तर ते काम मृग लागायच्या आधी उरकावं. भर पावसात उपटलेल्या सक्युलंटच्या तुटक्या मुळांना सुकायला सवडच मिळत नाही आणि बुरशी तिथूनच आत शिरते. पानापासून नवं रोप करायचा खटाटोपही चवथ होऊन, पाऊस ओसरेपर्यंत लांबणीवर टाका.

कुंड्या छपराखाली आणल्या की झालं, असंही नाही. पागोळ्यांची रांग आणि झडीचा वारा बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बसायच्या सोप्यापर्यंत पोचतो. शिवाय पाऊस अंगावर न पडताही झाड कुजतं, कारण हवेतच इतका दमटपणा असतो की मातीतली ओल उडून जात नाही. त्यात उजेड कमी, म्हणजे झाड पाणी ओढतही नाही. जानेवारीत चार दिवसांत सुकणारी कुंडी जुलैत दोन आठवडे ओली राहू शकते. म्हणून ‘आठवड्यातून एकदा’ हा हिशेब सोडा. बांबूची बारीक काडी तळापर्यंत खुपसा, ओलसर निघाली तर पाणी नको. वरची माती कोरडी दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

घरात वाढीचे दिवे लावायची सध्या हौस आहे. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात दिव्याआधी पंखा लावा. हलती हवा जितकी रोपं वाचवते तितकी महागडी औषधंही वाचवत नाहीत.

तळाला खडी, वर लाल माती

‘निचऱ्यासाठी तळाला खडी घाला’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. निचरा हवा तर पूर्ण मिश्रणच भरड करावं लागतं.

आपली लाल माती भिजली की चिकट आणि सुकली की घट्ट. सक्युलंटसाठी ती फार तर तिसरा हिस्सा घ्या, बाकी प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा नदीची जाड वाळू. चिऱ्यांचे तुकडे चालतात, पण चाळून घ्या, कारण त्यांची लाल भुकटी निचरा बंद करते. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे फिलोडेंड्रॉन, अँथुरियमसाठी उत्तम आणि आपल्याकडे फुकट. मात्र त्यांतही क्षार असतात, तेव्हा पाणी बदलत दोन-तीनदा भिजवून मगच वापरा.

अडेनियम मऊ लागला की पाणी घालणं

अडेनियम गोव्यात छान फुलतो, पण त्याच्या फुगलेल्या बुंध्याचं निदान लोक उलटं करतात. एप्रिल-मेमध्ये बुंधा सगळीकडून सारखा मऊ लागला, सालीला सुरकुत्या आल्या, तर झाड तहानलंय. पाणी द्या, काही दिवसांत टणक होईल. पावसात एकाच बाजूला मऊ लागला, रंग काळपट झाला, दाबल्यावर पाणी सुटलं किंवा वास आला, तर ती कूज आहे. मग झाड लगेच उपटा, धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि आतला गर एकसारखा फिकट दिसेपर्यंत कापत जा. तपकिरी ठिपका एक जरी मागे ठेवलात तरी कूज पुन्हा पसरते. कापलेल्या जागी बुरशीनाशक लावून झाड पंख्याखाली कोरडं होऊ द्या, जखम पूर्ण सुकल्यावरच लावा. त्याचा चीक विषारी असतो, हातमोजे घाला. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या युफोर्बियाचा चीक तर डोळ्यांना फारच वाईट.

थंडीत अडेनियमची पानं गळतात, तेव्हा घाबरून खत घालू नका. झाड विश्रांती घेतंय.

जे इथे जगणार नाही तेच आणणं

लिथॉप्स, म्हणजे दगडासारखे दिसणारे ते गोड जीव, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या प्रदेशातले. नवी पानं जुन्या पानांतलं पाणी शोषून वाढतात, आणि त्याच वेळी आपण वरून पाणी घातलं की सगळा गोंधळ होतो. गोव्याच्या दमट उकाड्यात त्यांना सांभाळणं म्हणजे हौस कमी आणि सेवा जास्त. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या एकेवेरियाला रात्रीचा गारवा लागतो; किनाऱ्यावर तो मिळत नाही, म्हणून ती लांबुडकी होते आणि मधूनच सडते.

त्यापेक्षा हॉवर्थिया, गॅस्टेरिया, दंडगोल पानांचा सँसेव्हिएरिया घ्या. किंवा रिप्सॅलिस. हा कॅक्टसच, पण जंगलात झाडांवर वाढणारा, दमट सावलीत रमणारा. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून जे रात्री फुलतं तेही याच जातकुळीतलं, आणि त्याला आपल्या पावसाची तक्रार कधी नसते.

अलोकेशिया फेकून देणं

कोरड्या दिवसांत अलोकेशियाची पानं एकेक करून पिवळी पडतात आणि कुंडी कचऱ्यात जाते. हे झाड अळवाच्या नात्यातलं. पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणारं तेरं, म्हणजे रानटी अळू, नंतर दिसेनासं होतं, म्हणून ते मेलं असं कोणी म्हणत नाही. मातीत बोट घालून कंद चाचपा. टणक असेल तर पाणी कमी करून कुंडी तशीच ठेवा. मोन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनच्या फांद्या मात्र जून-जुलैतच लावा, या दमट हवेत त्यांना मुळं भराभर फुटतात. या सगळ्यांच्या रसाने अळवासारखीच खाज येते. मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर हवी.

पिचर प्लांटला खत

पावसात सड्यांवर सीतेची आसवं आणि ड्रोसेरा उगवतात तिथली माती पाहिलीत का? जवळजवळ नाहीच. किडे खाणारी झाडं अशा निकस जागीच तग धरतात. नेपेंथिस, म्हणजे आपला पिचर प्लांट, त्याच्या मातीत खत घातलं की मुळं जळतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षा पावसाचं पाणी साठवून द्या, पण पिंप झाकून. डेंग्यूचे डास तेवढ्याची वाटच पाहत असतात. ब्रोमेलियाडच्या पानांच्या वाटीतलं पाणीही ओतून बदलत राहा.

कीड आणि ऊन

पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा. घरातली फेणी वाया घालवू नका, तिच्यात अल्कोहोल 42 टक्क्यांच्या आसपासच असतं. मुंग्या फिरत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच ही कीड एका कुंडीतून दुसरीत नेतात. कडुनिंबाचं तेल संध्याकाळी फवारा.

चार महिने अंधारात राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवलं तर पानं भाजतात, आणि तो डाग भरून येत नाही. आधी सकाळचं तासभर ऊन द्या, मग दोनेक आठवड्यांत वाढवत न्या.

होया या वेलाचं फूल गळल्यावर उरलेला देठ छाटू नका, पुढचा बहर बहुधा त्याच देठावर येतो. आणि कुंडीत एकच हृदयाकृती पान रोवून होया म्हणून विकतात, ते घेण्याआधी नीट बघा. पानासोबत वेलाचं पेर नसेल तर ते वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण वेल फुटणार नाही.