अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळेतला भाजीचा वाफा

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. वाचन, लेखन किंवा गणित यांसारख्या ठरावीक कौशल्यांतच मूल अडखळते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये तिची स्वतंत्र नोंद आहे. बागकामाने ती बरी होत नाही आणि विशेष शिक्षकाची गरजही संपत नाही. मात्र वर्गात सतत मागे पडणाऱ्या मुलाला एखादे काम स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने तडीस नेता येते.

खानदेशात सुरुवात दिवाळीच्या सुटीनंतर करावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि मे महिन्यात वाफ्याला पाणी घालायला शाळेत कोणी नसते. पहिले पीक मेथीचे घ्यावे, कारण ती आठवड्याच्या आत उगवते आणि साधारण महिनाभरात काढणीला येते. जळगावकडची भरताची वांगी सर्वांच्या जिव्हाळ्याची खरी, पण ती बरीच वाट पाहायला लावतात.

वाफा मीटरभरच रुंद ठेवावा, म्हणजे आत पाय न टाकता मुलाचा हात मध्यापर्यंत पोहोचतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. पेरणीसाठी दोन सुतळ्यांना वीस-वीस सेंटिमीटरवर गाठी मारून त्या वाफ्याच्या दोन टोकांना आडव्या ताणाव्यात. समोरासमोरच्या गाठींमध्ये काठीने उथळ रेघ ओढली की आकडा न वाचताही ओळी नेमक्या अंतरावर पडतात. त्यांत बी चिमटीने सोडून माती सारावी आणि झारीने पाणी द्यावे.

सूचना एका वेळी एकच द्यावी आणि ती आधी करून दाखवावी. डावे-उजवे यांत गोंधळणाऱ्या मुलाला ‘निंबाकडची ओळ’, ‘हापशाकडची ओळ’ असे सांगावे. घरी अहिराणी बोलणारे मूल तिथे अहिराणीत बोलले, तर त्याला टोकू नये. रोपांची वाढ काडीवर खूण करून नोंदवावी. ‘माझी बाग’ हा निबंध मागितला की मूल वाफ्यापासूनही पळ काढते, हे शिक्षकांना सांगावे लागू नये, पण लागते.

कण्हेर व धोतरा आवारात नसावेत, रासायनिक फवारणी करू नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवून घ्यावेत. एखादी ओळ उगवलीच नाही, तर त्याच मुलाकडून तिथेच पुन्हा बी टाकून घ्यावे; शिक्षकाने ती परस्पर पेरून ठेवू नये.