पात्राला नाग करताय? या चुका टाळा

माणसाचा विषारी साप होण्याची शक्ती कथेत आणली की पहिल्या रूपांतरापर्यंत सगळं झकास चालतं. फणा, फुत्कार, जमिनीवर पडलेला कपड्यांचा ढीग. पुढच्या पानावर गाडी अडते, कारण आपण साप लिहिलेलाच नसतो. सापाची कातडी पांघरलेला माणूस लिहिलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ कानांचा. नायक कपाटाखाली वेटोळं घालून बसतो आणि खोलीत शिजणारा कट शब्दन्‌शब्द ऐकतो. कसा काय? सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. आतला कान आहे, पण तो एका हाडाने जबड्याशी जोडलेला. त्यामुळे जमिनीची थरथर आणि खालच्या पट्टीतले आवाज कळतात, कुजबुज नाही. इथे हातातला प्रसंग फेकू नका, उलटा वापरा. जबडा फरशीला टेकवून नायकाला पावलं मोजू द्या: तिघे आत आले, एकजण डावा पाय ओढतोय. मग जीभ बाहेर. दुभंगलेली जीभ गंधाचे कण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापाशी नेते आणि वास डावीकडून येतोय की उजवीकडून, हेही सांगते. ‘त्याने कट ऐकला’पेक्षा ‘तिसऱ्याचा वास घरातलाच निघाला’ हे कितीतरी जास्त अंगावर येतं.

दुसरा घोळ विषाचा. एका रात्रीत ७ पहारेकरी डसले, सातही जागच्या जागी गार! विष म्हणजे सापाची बदललेली लाळच. डोळ्यांमागच्या ग्रंथींत ती मोजकीच साठते आणि पुन्हा पुरती भरायला कित्येक दिवस लागतात. म्हणून साप ती जपून वापरतो, कधी कधी तर नुसता कोरडा दंश करतो. शिवाय जात ठरवल्याशिवाय दंश लिहूच नका. नागाचे विषदंत आखूड आणि पक्के बसलेले, विष नसांवर जाणारं: पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, मग श्वास अडखळतो. घोणसाचे दात लांब, तोंड मिटलं की टाळूशी दुमडणारे. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. दोन्हींत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात प्रतिविष मिळालं तर पहारेकरी वाचून साक्षही देईल. कथानक इथे अडलं असेल तर एवढी एक शक्यता पुरते.

किरकोळ चुका भराभर सांगतो. सापाला पापण्या नसतात, तेव्हा त्याने ‘डोळे मिटून’ विचार करू नये. थंडीत त्याचं अंग मंदावतं. बर्फातला पाठलाग विसरा. गुळगुळीत फरशीवर पोटाच्या खवल्यांना पकड मिळत नाही, तिथे तो नुसताच वळवळतो. ७० किलोचा माणूस दीड किलोचा नाग झाला तर उरलेलं वजन गेलं कुठे, याचं उत्तर काहीही द्या, फक्त दहाव्या प्रकरणात ते बदलू नका.

परतीचं रूपांतर मात्र मलाही चकवून गेलं. माझ्या नायिकेने रात्री उंदीर गिळला आणि सकाळी ती मीटिंगला हजर. सापाला भक्ष्य पचवायला दिवस लागतात, हे मी साफ विसरलो होतो. ‘मग तो उंदीर आता कुठेय?’ मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं. उंदीर मला सोडवेना. शेवटी मीटिंगच ४ दिवस पुढे ढकलली.