विसर्जन मिरवणुकीच्या ओबीला निघण्यापूर्वी

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, एकदा लागली की ती दुसऱ्या दिवशीच निघते. मिरवणूक चोवीस तास सहज ओलांडते आणि तेवढ्या वेळात ऑफिसातून केबलच्या टोकाचा साधा बीएनसी कनेक्टरसुद्धा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे सामान काढताना प्रत्येक वस्तूबाबत एकच विचार करायचा: ही रात्री दोन वाजता गेली तर काय? उत्तर 'मागवून घेऊ' असं आलं, की ती वस्तू दोन घ्यायची.

आधी जागा. पाहणी दोनदा करावी, एकदा उत्सवाआधी आणि एकदा मांडव उभे राहिल्यावर, कारण मांडव उभारल्यावरचा रस्ता हा वेगळाच रस्ता असतो. बेलबाग चौकात चित्र उत्तम मिळतं, मानाचे गणपती तिथूनच लक्ष्मी रस्त्याला लागतात, पण जागा नाही. अलका चौकात लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक असे चारही रस्ते येऊन मिळतात, जागा आहे, पण ती सगळ्याच वाहिन्यांना हवी असते. जिथे उभे राहाल तिथून उपग्रह दिसतो का, हे आकाशाकडे बघूनच ठरवा. या बाबतीत पुणं नशीबवान आहे. जीसॅट-३० हा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पुण्यातून तो क्षितिजापासून जवळपास ६६ अंश वर, दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडे सापडतो. इतक्या उंचावर असल्याने १२ मीटर उंच वाड्यापासून डिश सुमारे साडेपाच मीटर लांब असली तरी काम होतं. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो, तेव्हा गाडी रस्त्याच्या उत्तर कडेला लावायची आणि दक्षिणेकडच्या इमारतींना जेवढं अंतर देता येईल तेवढं द्यायचं. खरा त्रास इमारतींचा नसतोच. पाहणी झाल्यावर एका रात्रीत उभी राहिलेली स्वागत कमान, तिच्यावरचा फ्लेक्स आणि वडाची फांदी, हे तिघं आडवे येतात. पोलिसांचं परवानगीपत्र, गाडीचा नंबर घातलेला पास आणि मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन नंबर या तीन गोष्टींचे फोटो नकोत, कागद हवेत. मोबाइलची बॅटरी रात्री कोणाचीच उरत नाही.

कॅमेऱ्यासाठी गच्ची घेतली असेल तर मालकांना आदल्या आठवड्यात भेटून या आणि केबल जिन्यातून नेणार की बाहेरून सोडणार, हे त्यांच्यासमोरच ठरवा. पेठांमध्ये जिन्याचे नियम फार कडक असतात, आणि ते बहुधा पाटीवर लिहिलेले असतात. त्याच घरात ब्रॉडबँड असेल तर तो वापरू द्याल का, हेही विचारून ठेवा. कारण बॅकपॅक. चार-सहा सिमकार्डं एकत्र जोडून चित्र पाठवणारं ते यंत्र आदल्या दिवशीच्या चाचणीत झकास चालतं आणि दुपारी चार वाजता, त्याच चौकात लाखभर मोबाइल व्हिडिओ पाठवू लागले की श्वास सोडतं. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्याच, पण भिंतीतून आलेली वायर असेल तर आधी ती धरा.

उपग्रहाच्या बुकिंगचा कागद गाडीत चिकटवा: फ्रीक्वेन्सी, पोलरायझेशन, सिम्बॉल रेट, एफईसी (ही सगळी सिग्नलची ठरवून दिलेली मापं), लाइन-अपची म्हणजे आधीच्या सिग्नल जुळणीची वेळ आणि अपलिंक (गाडीकडून उपग्रहाकडे जाणारा सिग्नल) नियंत्रण कक्षाचा नंबर. बुकिंग कधी संपतं हे लाल शाईने लिहा. बुकिंग मध्यरात्री संपतं, मिरवणूक संपत नाही. मुदतवाढ कोण मागणार आणि पैशाला मंजुरी कोण देणार, हे सकाळीच ठरलेलं हवं. केयू बँडवर (उपग्रहाच्या एका फ्रीक्वेन्सी-पट्ट्यावर) असाल तर पाऊस गृहीत धरा. १४ गिगाहर्ट्झचा अपलिंक जोराच्या सरीत ढेपाळतो, म्हणून अँप्लिफायर पहिल्यापासून पूर्ण ताकदीवर न चालवता काही डेसिबल राखून ठेवावेत, आणि डिशसमोरच्या फीडच्या, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या नळीच्या, तोंडावरचं पाणी पुसायला लांब काठीला मऊ फडकं बांधून ठेवावं. फडकं मारताना ट्रान्समिशन बंद, हे नव्या पोराला चार वेळा सांगा. चतुर्दशी सप्टेंबरअखेर आली, जशी २०२३ मध्ये २८ तारखेला आली होती, तर सन आउटेजचं वेळापत्रकही बघून ठेवलेलं बरं. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि सिग्नल काही मिनिटं बुडतो, ते दिवस आपल्याकडे त्याच सुमारास सुरू होतात आणि वेळ मध्यान्हाच्या आसपासची असते.

वीज गणेश मंडळाच्या जनरेटरवरून घेऊ नका, कितीही प्रेमाने दिली तरी. त्यावर त्यांच्या लाइटची, स्पीकरची भिंत चालू असते आणि व्होल्टेज ढोलाच्या ठेक्यावर नाचतं. आपला जनरेटर, आपलं डिझेल, त्यामागे ऑनलाइन यूपीएस (सतत आपल्यातूनच स्थिर वीज देणारा). न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मीटरने मोजा, दोन व्होल्टच्या आत असेल तरच गाडी चालू करा. गच्चीवरचा कॅमेरा तिथल्या घरच्या सॉकेटवर आणि गाडी जनरेटरवर असली तर दोन अर्थिंग वेगळी होतात आणि ५० हर्ट्झची घुमघुम आवाजात शिरते. त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडणारा) हवा, नाहीतर फायबर. एचडी-एसडीआय, म्हणजे कॅमेऱ्याचा एचडी सिग्नल, तसंही कोॲक्सवर (तांब्याच्या केबलवर) साधारण १०० मीटरपुढे भरवशाचं राहत नाही.

आता आवाज. चित्र बिघडलं तर दिग्दर्शक दुसरा कॅमेरा घेतो, आवाज बिघडला तर काही घेता येत नाही, म्हणून माझ्या मते निम्मी तयारी आवाजाची असावी. एका पथकात शेकड्याने ढोल, वर ताशे आणि टोल. समोरून पथक गेलं की माइकच्या प्रीअँपचं (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचं) काही खरं नाही. कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइकला २० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, लावा, वातावरणाच्या ध्वनीसाठीची दोन माइकची स्टिरिओ जोडी रस्त्याच्या पातळीवर न ठेवता पहिल्या मजल्याच्या उंचीवर बांधा, आणि तिला पावसाचं कव्हर घाला. वार्ताहराच्या हातात मात्र साधा डायनॅमिक माइकच द्या, तोंडापासून चार बोटांवर. लाइन-अप टोन (पातळी जुळवायचा चाचणीचा सूर) उणे २० डीबीएफएसला, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली, ठेवून वरची जागा ढोलासाठी मोकळी सोडा. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा) लावा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण ताशाची काडी त्याच्या आधी पोहोचते. कॉर्डलेस माइकच्या फ्रीक्वेन्सी शेजारच्या गाड्यांशी बोलून वाटून घ्या. चौकात दहा-दहा संच असतात आणि कोणीच आपण होऊन सांगत नाही. तरीही वायरचा एक माइक गुंडाळून, तपासून, वार्ताहराच्या पायाशी पडलेला असू द्या.

टॉकबॅकही, म्हणजे स्टुडिओ आणि वार्ताहर यांच्यातलं बोलणं, इथेच. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणजे वर जाऊन खाली येतानाच पाव सेकंद जातो, वर एन्कोडर-डिकोडरचा उशीर वेगळा. वार्ताहराच्या कानात त्याचाच आवाज उशिराने परत गेला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो. स्टुडिओकडून क्लीन फीडच मागायचा, ज्यात आपला आवाज वजा केलेला असतो, आणि तो खरंच क्लीन आहे का हे प्रक्षेपणाआधी स्वतः इअरपीस घालून ऐकायचं. टाळ्या वाजवून बघा, परत आल्या तर स्टुडिओला फोन फिरवा.

रेडिओचा मामला त्या मानाने सुटसुटीत: दोन माइक, छोटा मिक्सर, कोडेक (आवाज स्टुडिओपर्यंत पाठवणारं यंत्र) आणि एक फोन. पुण्यात आकाशवाणी १९५३ पासून आहे, आणि ज्यांना टीव्ही बघणं जमत नाही असे लोक आजही ७९२ किलोहर्ट्झवर सुई ठेवून असतात. निवेदकाला मात्र गर्दीपासून थोडं दूर, बंद खिडकीमागे बसवा, गजर वेगळ्या माइकवरून मिसळा. पथक थांबलं की नुसती शांतता प्रसारित होते, तेव्हा निवेदकाच्या हातात बोलायला मजकूर हवा.

चित्राच्या बाबतीत तीनच गोष्टी सांगतो. एलईडी भिंतींवर पट्टे दिसले तर क्लिअर स्कॅन (कॅमेऱ्याच्या शटरची गती बारकाईने जुळवायची सोय) फिरवा. मोठ्या झूमवर असताना समोरून स्पीकरची भिंत गेली की तिवई थरथरते, म्हणून पायात वाळूच्या पिशव्या. आणि लेझर: बंदीचा आदेश निघालेला असला तरी एखादी किरणरेषा लेन्समध्ये शिरू शकते आणि सेन्सरवर कायमचा ठिपका सोडते, तेव्हा लेझर दिसला की कॅमेरा वळवायचा, चित्र कितीही छान असो. गुलालासाठी यंत्रांच्या पंख्यांच्या तोंडाला फिल्टर आणि लेन्ससाठी फुंकणी, ब्रश.

ग्राफिक्सवाल्याकडे मंडळांची नावं क्रमाने, शुद्ध लिहिलेली हवीत: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, आणि मग पुढची. मानाच्या पाचांत उलटसुलट झालं की अँटेना नसलेल्या घरांतूनही फोन येतात.

माणसांची दोन पथकं करा आणि बदलीचं पथक चालत येणार हे धरून चाला. मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण गर्दीत एखाद्या स्थानकाचं दार बंद राहू शकतं, तेव्हा डेक्कनकडून यायचा रस्ताही सांगून ठेवा. ढोलासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कानाचे प्लग. स्वच्छतागृह कुठे, हे जागा ठरवतानाच विचारा, त्याची लाज बाळगू नका. पाणी, पोहे, पाव, कोरडे कपडे आणि पायात बूट, चप्पल नाही.

सगळं आवरताना केबल ओल्या आणि गुलालाने माखलेल्या असतात. तशाच ड्रमवर गुंडाळून ठेवल्या तर आतली तांब्याची जाळी काळी पडते. ऑफिसात आल्यावर पुसून, कनेक्टर स्पिरिटने स्वच्छ करून, एक दिवस वाळवून मग गुंडाळाव्यात. ज्या केबलने त्रास दिला तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावावी, आणि काय त्रास दिला ते झोपण्याआधी वहीत लिहावं.